ढिगाखालचे धनाजीबापू

उत्रोलीचे धनाजीबापू दर बाजारच्या दिवशी माझ्या दुकानात यायचे, चहा घ्यायचे आणि एकच गोष्ट सांगायचे. माझं भोरात लाऊडस्पीकरचं दुकान आहे. कबड्डीच्या सामन्यांचं समालोचनही मीच करतो. बोलण्यावर माझं पोट आहे, ऐकण्यावर नाही. तरी बापूंची गोष्ट मी पंधरा वर्षं ऐकली, कारण ती ऐकायला दुसरं कोणी नव्हतं.

ऐन विशीत पिंपरीच्या एका कारखान्यानं त्यांना खेळण्यासाठी नोकरीवर घेतलं. हजेरीपत्रकावर हेल्पर, काम कबड्डी. तेव्हा हे कुणाच्या पचनी पडेना. "खेळायचा पगार? उद्या झोपायचा बी देतील!" असं त्यांचे वडीलच म्हणाले होते. बापू डाव्या कोपऱ्यावर उभे राहायचे. कोपऱ्यावरच्या गड्यानं मिरवायचं नसतं. समोरचा चढाईला आत आला की त्याच्या घोट्यावर झेप टाकायची आणि वरून सगळा संघ अंगावर पडला तरी सोडायचं नाही. नऊ वर्षांत दोन बोटं वाकडी झाली, खांदा निखळला, शेवटी गुडघा गेला. मग कारखान्यानं त्यांना खरोखरचा हेल्पर केलं. मला याचा अजून राग येतो. बापूंना कधी आला नाही.

निवृत्त होऊन ते गावी आले. त्यांची बायको कमळाबाई गेली त्याला सोळा वर्षं झाली. मुलगी वनिता नाशिकला. टीव्हीवर कबड्डी लागली की बापू एकटेच ओरडायचे, "घोटा धर, घोटा!" शेजाऱ्यांना वाटायचं, म्हाताऱ्याला चळ लागलाय.

त्यांची गोष्ट अशी. राज्याच्या अंतिम सामन्यात शेवटच्या चढाईला बापूंनी घोटा धरला आणि कारखाना जिंकला. त्यांच्यावर सहा जण पडले. सगळ्यात वर कप्तान सावळाराम, आंबवड्याचा. पेपरातल्या फोटोत सावळाराम हात उंचावून हसतोय आणि बापूंचा नुसता तळपाय दिसतोय. खाली छापलं होतं, 'सावळाराम यांची विजयी पकड'. सावळारामनं ते कधी खोडून काढलं नाही. "पकड सातांची असती," एवढंच म्हणायचा.

यंदा भोरला सामने भरले आणि जुन्या खेळाडूंचा सत्कार ठरला. मी म्हणालो, "बापू, माईक माझ्या हातात आहे. यंदा खरं सांगून टाकतो." ते नको नको म्हणत निघाले, आणि पायरीवरून परत फिरले. "एकदाच सांग. पर मोठ्यानं सांग. मरायच्या आधी म्या कानानं ऐकतो."

त्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले. शेजारी सावळारामची बायको, रत्नाबाई. सावळाराम दोन महिन्यांपूर्वीच गेला होता. तोच फोटो तिनं चौकटीसकट मांडीवर धरला होता. मी त्यांच्या पुढ्यातच माईकपाशी उभा राहून कागद काढला, तेवढ्यात तिनं बापूंना विचारलं, "भावजी, तुमी व्हता नव्हं तिथं? ह्यांनी कसं धरलं वो त्याला? घरात कधी बोलले न्हाईत. इचारलं की उठून जायचे."

बापू फोटोकडे बघत राहिले. मग म्हणाले, "गडी आत आला तशी म्या... सावळारामनं झेप टाकली. घामानं हात निसटत व्हता. दातात माती गेली, पर सोडलं न्हाई." रत्नाबाई पदरानं काच पुसत ऐकत होती. बापूंनी माझ्याकडे पाहून नको अशी मान हलवली. "पेपरात छापलंय तसंच वाच," ते हळूच म्हणाले.

मी वाचलं. टाळ्या पडल्या. बापूंनीही वाजवल्या. एसटी स्टँडवर मी त्यांच्यावर चिडलो, तर म्हणाले, "तिच्याजवळ तेवढंच हाय रं."

"आणि तुमच्याजवळ?"

त्यांची गाडी लागली होती. ते चढले.

पुढच्या बाजारी बापू आले. मी चहा मागवला, खुर्ची पुढे सरकवली आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा आपणहून विचारलं, "सांगा बापू, कसा धरला घोटा?"

"म्या कुठं धरला?" ते म्हणाले. चहा संपेपर्यंत दुसरं काही बोलायला त्यांच्याजवळ नव्हतं.