सासऱ्यांच्या खुर्चीचा चीक

भूत, करणी, अंगात येणं... माझा कशावरच विश्वास नाही. मी दापोड्याला रंगाच्या गोडाऊनमध्ये स्टोअर सांभाळते. चीक म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. चिडाच्या, म्हणजे पाइनच्या झाडाला खाच पाडतात, चीक गोळा करून तापवतात. वाफेतून निघतं ते टर्पेंटाईन, खाली उरते ती राळ. त्यात अमानवीय काही नाही. तरीही हे लिहितेय.

आम्ही अंजूरला राहतो. घरामागे शेताचा एक तुकडा आहे. तो गोडाऊनसाठी विकावा आणि कल्याणला फ्लॅट घ्यावा, हे माझं मत. सासऱ्यांचं शेवटपर्यंत एकच उत्तर — "मी हाय तवर न्हाय." गोडाऊनवाल्यांना शिव्या घालायचे, पण ओट्यावरची त्यांची खुर्ची मात्र गोडाऊनच्याच, माल रचायच्या मोडक्या लाकडी पॅलेटची! स्वतः ठोकलेली. चिडाचं लाकूड, बारा वर्षं जुनं, खडखडीत वाळलेलं.

ते गेले. वर्षभराने, जानेवारीतल्या थंड सकाळी जमिनीचा एजंट कागद घेऊन आला. पांढरी पँट. बसला नेमका त्या खुर्चीत. ह्यांनी सहीसाठी पेन उघडलं, एजंट कागद पुढे करायला उठला... आणि खुर्ची त्याच्याबरोबर उठली.

"वहिनी, ये क्या लगाया है?"

लाकडातून मधासारखा चीक पाझरत होता. तासाभरापूर्वी तिथेच बसून मी मेथी निवडली होती! मी टर्पेंटाईनची बाटली आणून फडक्याने चोळायला लागले.

"आई गं... जळतंय!"

"जळणारच. हलू नका."

ह्यांनी पेन मिटलं. "बाबांना पटला न्हाय."

"अहो, लाकूड आहे ते. खुर्ची धरा!"

शेवटी पँट खुर्चीलाच राहिली. एजंट ह्यांची लुंगी नेसून गाडीत बसला.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम अंगणात प्लास्टिकची खुर्ची ठेवली. एजंट परत आला. त्यानेही आधी खुर्ची हाताने चाचपली, वर पेपर अंथरला, मग बसला. दहा मिनिटांत पेपर, पँट, खुर्ची — सगळं एकजीव. वासही चिडाच्या चिकाचाच.

लाकडाचं एक वेळ समजू शकते. प्लास्टिकला चीक कुठून? आमच्या रंग कंपनीच्या केमिस्टला विचारलं, तो नुसता हसला. एजंट आता फोन उचलत नाही. शेतात भेंडी लावली आहे.

सासऱ्यांच्या खुर्चीत मी रोज बसते, काही होत नाही. परवा मात्र तिथे बसून मोबाईलवर कल्याणचे फ्लॅट बघत होते. उठायला गेले तर साडी मागून धरल्यासारखी...

मोबाईल बंद केला. साडी सुटली.