जास्तीचा वॉशर

गल्लीत त्यांना सगळे डॉक्टर म्हणत. माणसांची नव्हे, इंजिनांची नाडी बघायचे म्हणून. बॉनेटवर पंजा ठेवायचा, डोळे मिटायचे, मान हलवायची आणि रोग सांगायचा. रोग बहुधा बरोबर असे, आणि तो नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी चुकीमुळे झालेला असे. स्वतःच्या ट्रकवर तर त्यांचा इतका जीव, की बायको म्हणायची, "मला ताप आला तर आधी थोडा काळा धूर सोडीन. तेवढंच तुमचं लक्ष जाईल."

पण तोच ट्रक धूर ओकू लागला होता. डॉक्टरांनी मागे घराच्या अंगणातच डिझेलचा फवारा मारणारे सगळे इंजेक्टर काढून नवे बसवले होते, आणि थोड्याच दिवसांत इंजिन अडखळत मिसिंग मारायला लागलं. बायकोचा धाकटा भाऊ नेमका तेव्हाच ट्रक चालवू लागला होता. निदानाला कितीसा वेळ लागणार?

"मेहुणे गाडी रेटतात," डॉक्टरांनी जाहीर केलं. "चढावर गिअर खाली टाकायला यांचा हात दुखतो. नवे कोरे इंजेक्टर खाल्ले पठ्ठ्यानं!"

हे घरात बोलून थांबले असते तर ते डॉक्टर कसले? ट्रक स्टँडवरही चहा पिता पिता त्यांनी हीच कथा तिखटमीठ लावून सांगितली. मेहुण्याला 'रेट्या' हे नाव पडलं. दुसरा कुणी मालक त्याला गाडी देईना. चावी काढून घेतली गेली आणि स्वारी क्लीनरच्या सीटवर आली. त्या सीटमधून एक स्प्रिंग वर आली होती.

"भाऊजी, टोचतंय हो."

"टोचू दे. गाडी नीट चालवली असती तर गादीवर बसला असतास."

शेवटी पुन्हा इंजेक्टर बदलायचा दिवस उजाडला. बायकोची सर्वांत मोठी परात सुटे भाग धुवायला बाहेर आली. "माझी परात डिझेलच्या वासासकट परत आणू नका," ती दारातून म्हणाली. "तसं असेल तर त्यातच जेवा." मेहुणा परातीपाशी बसून एकेक नट धूत होता. डॉक्टर बॉनेटमध्ये कमरेपर्यंत शिरले होते.

चौथ्या सिलिंडरचा इंजेक्टर हट्टी निघाला. हलवून, चुचकारून, दोनचार शिव्या घालून तो वर आला, तेव्हा त्याचं टोक जळक्या वांग्यासारखं काळं होतं. टोकाला तांब्याचा वॉशर चिकटलेला. ठीक. प्रत्येक इंजेक्टरखाली असा एकच वॉशर असतो, आणि दर वेळी जुना काढून नवा घालायचा असतो. डॉक्टरांनी भोक साफ करायला वाकवलेली तार आत घातली. तार कशात तरी अडकली. त्यांनी ओढली.

तारेच्या टोकाला आणखी एक वॉशर लटकत वर आला. काळा, चेपलेला, म्हातारा.

डॉक्टरांनी तो बोटांत फिरवून पाहिला. मागच्या वेळी शेजारीपाजारी बघायला जमले होते आणि डॉक्टर हातांपेक्षा तोंडानंच जास्त काम करत होते. जुना वॉशर आत तसाच राहिला, त्याच्यावर नवा बसला. इंजेक्टर उचललेला राहिला, डिझेलचा फवारा भलतीकडे गेला, धूर झाला. मेहुण्यानं गिअर खाली टाकला काय अन् डोक्यावर घेतला काय, काही फरक पडणार नव्हता.

"काय सापडलं, भाऊजी?"

"कचरा," डॉक्टर म्हणाले, आणि कचरा खिशात टाकला.

"माझ्यापायी तुम्हाला परत हा खटाटोप," मेहुणा खाली बघत नट पुसत म्हणाला. "आता मी चालताना पायसुद्धा जपून टाकतो."

तेवढासा तो वॉशर, पण खिशात जात्याच्या पाळूएवढा जड झाला. बाकीचं काम डॉक्टरांनी तोंडातून अवाक्षर न काढता केलं. बायको दोनदा येऊन बघून गेली, बरं वाटत नाही की काय म्हणून. पाइपांतली एअर काढली, नट आवळले. मेहुण्यानं स्टार्टर मारला. इंजिन दोनदा खोकलं आणि मग घुमू लागलं. धुराचा मागमूस नाही.

"बरा झाला का पेशंट?" बायकोनं विचारलं. "मग तुमचं तोंड असं का, पेशंट गेल्यासारखं?"

डॉक्टरांनी सोपी पळवाट काढली. "आजपासून गाडी तूच चालव रे," ते मेहुण्याला म्हणाले.

मेहुण्याचे डोळे भरले. "ताई, बघितलंस? मी एवढं नुकसान केलं, तरी भाऊजींनी मन मोठं केलं."

डॉक्टरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी खिशातून वॉशर काढला आणि मेहुण्याच्या तळहातावर ठेवला. वाटलं, समजेल तो.

"हे काय? आठवण म्हणून ठेवू?"

आता बोलणं आलं. डॉक्टर बोलले. आयुष्यात पहिल्यांदाच रोगाचं कारण सांगताना त्यांचा आवाज खाली गेला. "हा मी आत विसरलो होतो. मागच्या वेळी. धूर याचा होता. तुझं काही चुकलं नव्हतं."

इंजिन घुमत राहिलं. बायकोनं आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग भावाकडे. एरवी तिला टोमणा शोधावा लागत नसे. आज तिनं वाससुद्धा न घेता परात उचलली.

मेहुण्यानं वॉशर मुठीत धरला. मग म्हणाला, "हे अंगणात सांगून काय उपयोग, भाऊजी? नाव स्टँडवर पडलंय."

"खरं आहे."

"मग बसा. तिथंच सांगा, सगळ्यांसमोर."

तो ड्रायव्हरच्या सीटवर चढला. डॉक्टर मुकाट्यानं दुसऱ्या बाजूनं चढले आणि टेकले मात्र, ताडकन उठले. मग मेहुण्याकडे बघितलं. तो समोर रस्त्याकडे बघत होता.

डॉक्टर पुन्हा बसले, बरोबर त्या स्प्रिंगवर, आणि स्टँड येईपर्यंत जागचे हलले नाहीत.