रामाजी टांगेवाला आणि जमादाराचा ओटा

रामाजी डेकाटे नागपुरात पाचपावलीत राहायचा. त्याच्याकडे एक रेंगी होती, म्हणजे चार माणसं दाटीवाटीनं बसतील अशी हलकी बैलगाडी. बापापासून घरचा धंदा एकच: रामाच्या दर्शनाला बाहेरगावाहून आलेल्या लोकांना रामटेकला न्यायचं आणि परत आणून सोडायचं. मुंबईकडची रेल्वे नागपूरपर्यंत कधीचीच आली होती, पण पुढचे चौदा कोस अजून बैलांचेच होते.

आलेले लोक आदल्या दिवशी रामाजीच्या अंगणात उतरत. त्याची बायको जिजाबाई त्यांना भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा वाढायची. जेवताना बायका आपापल्या गावच्या गोष्टी सांगत. जिजाबाई कधी कामठीच्या पलीकडे गेली नव्हती, पण भुसावळला केळी कशी पिकवतात आणि नाशकाला गोदावरीचा घाट कसा आहे, हे ती शेजारणींना डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगायची.

मग रामटेकपर्यंत रूळ पडले. त्या वर्षीच्या कार्तिकी पुनवेच्या जत्रेला रामाजीच्या अंगणात एकच म्हातारं जोडपं उतरलं, तेही म्हाताऱ्याला आगगाडीच्या शिटीची भीती वाटायची म्हणून. पुढच्या वर्षी तेही आलं नाही.

"आवो, बैल विकून टाका," जिजाबाई म्हणाली. "लोकं तं येऊनच राहिले ना? पहिल्यापेक्षा जास्त येऊन राहिले. फक्त आपल्या अंगणात नाही येत."

रामाजीला ते पटलं. त्यानं बैलजोडी आणि रेंगी विकली, एक तपकिरी घोडी आणि जुना टांगा घेतला आणि स्टेशनाबाहेरच्या रांगेत जाऊन उभा राहिला. तेव्हा त्याचं वय चाळिशीला आलं होतं.

रांगेत उभं राहिल्यावर त्याला कळलं की लोकांचं येणंच बदललं होतं. पूर्वी माणूस घरून निघाला की पंधरा दिवसांची सवड काढून निघायचा. आता मुंबईकडची गाडी सकाळी यायची, रामटेकची दुपारी सुटायची आणि मधले चार-पाच तास मोकळे असायचे. तेवढ्यात त्यांना भोसल्यांची राजधानी पाहायची असायची. जुन्या गावातला महाल भाग, शुक्रवारी तलाव, भोसल्यांच्या समाध्यांवरच्या छत्र्या, अजब बंगला म्हणजे संग्रहालय, महाराजबाग आणि शेवटी सीताबर्डीची टेकडी. टेकडीवरचा किल्ला पलटणीकडे होता, तिथं कुणाला जाऊ देत नसत. तो खालूनच बघायचा.

नुसत्या भिंती बघून कुणाचं समाधान होत नसे. "इथं काय झालं होतं?" असं प्रत्येकजण विचारायचा. टांगेवाल्यांना ठाऊक नसायचं, पण गप्प बसणाऱ्याच्या टांग्यात दुसऱ्यांदा कोण बसणार? म्हणून ते काहीबाही सांगत. ओमप्रकाश नावाचा एक टांगेवाला होता, जबलपूरकडचा, मोठ्या मिशांचा. तो महालातल्या एका अर्धवट बुजलेल्या विहिरीत सात राण्यांचे दागिने आहेत म्हणून सांगायचा. ऐकणारे विहिरीत वाकून वाकून पाहत.

रामाजीनं वर्षभरात सगळ्यांना मागं टाकलं. आवाज भरदार, बोलताना हात असे करायचा की तलवार दिसावी. टेकडीच्या पायथ्याशी, नाल्याजवळ, कडुनिंबाखाली एक पडका दगडी ओटा होता. रामाजीनं त्या ओट्यावर गोष्ट रचली. शंभर वर्षांपूर्वी सीताबर्डीला भोसले आणि इंग्रजांची लढाई झाली, तेव्हा भोसल्यांचा एक जमादार फितूर झाला, शत्रूला चोरवाट दाखवून पळाला आणि इथं या ओट्याजवळ त्याच्याच लोकांनी त्याला गाठून मारला. "तवापासून जो येते तो याच्यावर एक गोटा टाकून जाते," असं म्हणून तो स्वतः खाली उतरायचा आणि एक दगड ओट्यावर भिरकवायचा.

लोकांना हे फार आवडलं. लहानमोठे सगळे दगड शोधायला धावत. इतर टांगेवाल्यांनीही ती गोष्ट उचलली. दोन वर्षांत ओटा दिसेनासा झाला आणि तिथं पुरुषभर उंचीचा ढीग उभा राहिला. जिजाबाईनं एकदा विचारलं, "खरंच होता का गा असा जमादार?" (नवऱ्याला ती एरवी 'आवो' म्हणायची, थट्टेत असली की 'गा'.) रामाजी हसून म्हणाला, "असन कोणी ना कोणी."

एकोणीसशे अकरा सालच्या हिवाळ्यात जबलपूरच्या पलीकडच्या सागरहून एक म्हातारी आणि तिचा मुलगा त्याच्या टांग्यात बसले. म्हातारीचं नाव यमुताई. वय सत्तरीच्या आसपास, पाठ ताठ, नेसणं नऊवारी आणि बोलणं मोजकं. मुलगा मारोतराव सागरच्या कचेरीत कारकून होता. ती दोघं आदल्या दिवशीच आली होती आणि धर्मशाळेत उतरली होती. आज दुपारच्या गाडीनं रामटेकला जायची होती.

"काल दिवसभर टेकडीभोवती पायी फिरलो," मारोतराव म्हणाला. "आईला एक जागा पाहायची होती. सापडली नाही. आता तुम्ही जे दाखवता ते दाखवा."

रामाजीनं नेहमीप्रमाणे सगळं दाखवलं आणि शेवटी टांगा कडुनिंबाखाली आणला. तलवारीचे हात करून त्यानं गोष्ट सांगितली आणि खाली उतरून दगड उचलला.

"थांब," यमुताई म्हणाली.

ती मुलाचा हात धरून उतरली. ढिगाभोवती एक फेरी घातली. नाल्याकडे पाहिलं, टेकडीकडे पाहिलं. मग पदर खोचून खाली बसली आणि ढिगातला एकेक दगड उचलून बाजूला ठेवू लागली.

"आजी, काय करून राहिल्या?" रामाजी गोंधळून म्हणाला.

तिनं पुढचा दगड उचलला. मारोतरावानं कोट काढून टांग्यात टाकला आणि तोही आईबरोबर दगड काढू लागला. रामाजी थोडा वेळ उभा राहिला. म्हाताऱ्या बाईनं वाकून दगड उचलावेत आणि आपण बघावं, हे त्याला बरं वाटेना. त्यानंही हात लावला. तिघांनी तासभर दगड उपसले. यमुताईच्या बोटांना खरचटलं, तरी तिनं हात थांबवला नाही. शेवटी ओट्याची कड उघडी झाली आणि कडेच्या एका उभ्या दगडावर कोरलेले सूर्य आणि चंद्र दिसले. अगदी लहान, पावलीएवढे.

यमुताईनं त्यांच्यावरून हात फिरवला.

"हे माझे आजे," ती म्हणाली. "बापाचे बाप. लढाईच्या दुसऱ्या दिवशी सकाळी इथं पडले. पळाले नाहीत. माझी आजी तेव्हा सोळा वर्षांची होती आणि माझे वडील तीन महिन्यांचे. पथकातल्या लोकांनी हा ओटा बांधला आणि पाथरवटानं पैसे न घेता सूर्यचंद्र कोरले. मग आजी भावाकडे सागरला गेली, ती पुन्हा आली नाही. मला सांगायची, नाल्याजवळ कडुनिंब आहे, त्याच्या खाली."

रामाजी खाली बसला, यमुताईच्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणाला, "आजी, मी बनवली ते गोष्ट. कोणी फितूर नव्हता. मले काहीच मालूम नव्हतं. लोकं हसले, खुश झाले, म्हणून सांगत गेलो. मी दोन साल तुमच्या माणसाले गोटे मारले."

मारोतरावाचा चेहरा लाल झाला होता. तो काही बोलणार तोच यमुताईनं त्याला हातानं थांबवलं.

"ऊठ," ती रामाजीला म्हणाली. "काल आम्ही इथून दोनदा गेलो. हा ढीग पाहिला आणि कुणीतरी दगड टाकलेत म्हणून पुढं गेलो. आज तू टांगा थांबवला नसतास, तर मी न पाहताच सागरला गेले असते आणि पुन्हा यायला काही जगले नसते. खोटं बोललास, ते वाईट केलंस. पण मला इथं आणलंस तूच. ते उपकार मी कसे विसरू?"

रामाजी रडायला लागला. ती रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं, असं तो पुढं कितीतरी वर्षं सांगायचा.

रामटेकची गाडी तोवर निघून गेली होती. रामाजी दोघांना आपल्या घरी घेऊन गेला. तीन वर्षांत पहिल्यांदा जिजाबाईच्या अंगणात बाहेरगावचे पाहुणे जेवले. तिनं यमुताईच्या बोटांना हळद लावली आणि सगळं ऐकून घेतल्यावर नवऱ्याकडे पाहून एवढंच म्हणाली, "आता काय करान?"

"बाकीचे गोटे काढीन," रामाजी म्हणाला.

निघताना यमुताईनं त्याला सांगितलं, "बाबा, ठाऊक असेल ते सांग. नसेल तर ठाऊक नाही म्हण. लोक काही टांग्यातून उड्या मारणार नाहीत."

दगड काढायला त्याला आठ दिवस लागले. पण काम तिथं संपलं नाही. गोष्ट आता एकट्या रामाजीची राहिली नव्हती. स्टेशनाबाहेरचे वीस टांगेवाले तीच सांगत होते आणि रोज संध्याकाळपर्यंत ओट्यावर नवे दगड पडत होते. रामाजी रोज सकाळी घोडी जुंपायच्या आधी तिथं जायचा, दगड उचलून नाल्यात टाकायचा, ओटा झाडून घ्यायचा आणि मग स्टेशनावर जायचा. त्यानं सगळ्यांना हात जोडून सांगून पाहिलं. ते हसले.

एकदा सकाळी रामाजी ओटा झाडत असताना ओमप्रकाश आदल्या रात्री उतरलेल्या चार प्रवाशांना घेऊन तिथं आला. ते दगड उचलायला लागले तसा रामाजी ओट्यापुढं जाऊन उभा राहिला.

"भाऊसाहेब, ते गोष्ट खोटी आहे," तो म्हणाला. "मी रामाजी डेकाटे, मीच बनवली. इथं लढाईत मेलेला माणूस आहे. टाकायचेच असन तं गोटे माह्यावर टाका."

प्रवासी ओशाळून मागं सरले. ओमप्रकाश मात्र भडकला. "काहून धंदा खराब करून राहिला तू?" रांगेतल्या बाकीच्यांनीही त्याचीच बाजू घेतली. महिनाभर कुणी रामाजीला रांगेत पुढं येऊ दिलं नाही. जे प्रवासी वाट्याला येत, त्यांना तो छत्र्यांपाशी नेऊन म्हणायचा, "ही छत्री कोणाची ते मले मालूम नाही." लोक चिडत. एका गृहस्थानं तर विचारलं, मग तुला ठाऊक काय आहे?

तो प्रश्न रामाजीला लागला. महाल भागात दत्तोपंत नावाचे पेन्शनीत निघालेले मास्तर होते. त्यांच्या घराण्यानं भोसल्यांच्या दफ्तरात काम केलं होतं. रामाजी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिला. "पंत, मले लिहिता-वाचता येत नाही. पण ऐकलं ते ध्यानात राहते. मले माहं गाव सांगा." दत्तोपंतांना इतका आनंद झाला की त्यांनी त्याला हाताला धरून आत नेलं. शाळेत तीस वर्षं त्यांना असं कुणी विचारलं नव्हतं. दर सोमवारी दुपारी ते रामाजीच्या टांग्यात बसत आणि एकेक जागा त्याला दाखवत. जिथं त्यांनाही नक्की ठाऊक नसे, तिथं तेही मोकळेपणानं तसं म्हणत. रामाजीला त्याचं फार नवल वाटलं.

असं दोन-तीन वर्षं चाललं. मग मारोतरावानं सागरच्या आपल्या ओळखीच्या लोकांना रामाजीचं नाव सांगितलं. त्यांनी जबलपूरला, दमोहला सांगितलं. स्टेशनातून बाहेर येऊन लोक विचारू लागले, "तो मालूम-नाही रामाजी कुठला?" तो जेव्हा 'मालूम आहे' म्हणायचा, तेव्हा लोकांना खात्री असायची. एक दिवस ओमप्रकाशही आपले प्रवासी घेऊन ओट्यापाशी आला आणि दुरूनच ओरडला, "रामाजी, इनको तूच सांग गा खरं काय ते!" त्याचं पाहून बाकीच्यांनीही ती गोष्ट सोडली आणि त्या दिवसापासून तिथं दगड पडणं बंद झालं.

एकोणीसशे वीसच्या डिसेंबरात नागपुरात काँग्रेस भरली तेव्हा साऱ्या देशातून माणसं लोटली. धर्मशाळा, शाळा, अंगणं, सगळं भरून गेलं. जिजाबाईच्या अंगणात गुजरातेतल्या अकरा बायका आठ दिवस राहिल्या. रामाजीनं त्या आठवड्यात घोडीला दमू न देता जमेल तेवढ्या लोकांना गाव दाखवलं. ओट्यापाशी तो सगळ्यांना यमुताईची गोष्ट सांगायचा, आपल्या खोटेपणासकट. कुणी फुलं ठेवायचं, कुणी नुसतं उभं राहायचं. यमुताई त्याआधीच वारली होती. मारोतरावाचं पत्र आलं होतं आणि दत्तोपंतांनी ते वाचून दाखवलं होतं. शेवटपर्यंत आई तुमचं नाव काढत होती, असं त्यात लिहिलं होतं.

पुढं मोटारी आल्या. लोकांना आता चार तासही नको होते, तासाभरात गाव बघून ते परत फिरू लागले. रामाजीनं साठी ओलांडल्यावर टांगा सोडला. कुणी हळहळलं की तो म्हणायचा, "रेल आली नसती तं मी जनमभर रामटेकचा रस्ताच पाह्यला असता. या बाहेरच्या लोकायनंच मले नागपूर दाखवलं. एका म्हातारीनं तं बोलणं शिकवलं. मी कोणावर नाराज होऊ?"

तेहतीस साली मारोतरावानं आग्रहानं दोघांना सागरला बोलावलं. आयुष्यभर प्रवाशांची ने-आण केलेला रामाजी तेव्हा पहिल्यांदा लांबच्या गाडीत बसला. जिजाबाई खिडकी सोडायला तयार नव्हती. सागरच्या स्टेशनावर त्यांनी टांगा केला. मोठ्या तळ्याच्या काठानं जाताना टांगेवाल्यानं मागं वळून विचारलं, "बाबा, नागपूर से आए? वहाँ देखने लायक क्या है?"

रामाजीनं जिजाबाईकडे पाहिलं. ती म्हणाली, "सांगा ना."

तो सांगू लागला. थोड्या वेळानं टांगेवाल्यानं घोडा तळ्याकाठच्या सावलीत उभा केला, लगाम गुडघ्यावर ठेवले आणि पूर्ण मागं वळून बसला.