रीटकडे, दोन ते साडेतीन

रोलेटर डिकीत आडवा जाईना. उभा घातला तर झाकण लागेना. चाकांचा वॉकर तो; वर बसायला फळी, पुढे टोपली. मी टोपली काढली, तो दुमडला, पुन्हा आत ढकलला. ब्राम फुटपाथवर काठी टेकून उभे होते. टाय बांधला होता.

"तू माझ्याकडे डच शिकायला आलीस तेव्हाही अशीच होतीस," ते म्हणाले. "जे बसत नाही ते जोर लावून बसवायचं."

"बसलं ना?"

"रोलेटर बसला. तुझे उच्चार अजून बाहेरच आहेत."

ब्राम आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. वय शहाऐंशी. मी पुण्याहून नवऱ्यामागोमाग रॉटरडॅमला आले तेव्हा त्यांनी मला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून भाषा शिकवली. आमचं बोलणं डचमध्ये चालतं, इथे मराठीत लिहिते आहे. त्या शनिवारी मी त्यांना न्यूनेनला नेत होते. माझ्या नवऱ्याने, सचिनने, वरून, खिडकीतून विचारलं, "मेधा, तू आज ड्रायव्हर की मुलगी?"

"शेजारीण."

"मग पेट्रोल कोण भरणार?"

"शेजारणीचा नवरा," मी म्हटलं आणि गाडी सुरू केली.

रॉटरडॅम ते न्यूनेन सव्वाशे किलोमीटरच्या आत. ए-सोळा महामार्गाने दक्षिणेला, ब्रेडाजवळ ए-अठ्ठावन्न पकडायचा, मग टिलबर्ग, आइंडहोवन. टोल नाही. दिवसा शंभराच्या वर जायचं नाही, कॅमेरे आहेत. गाडी नसेल तर आइंडहोवनपर्यंत थेट ट्रेन आहे आणि स्टेशनबाहेरून बस. लोक न्यूनेनला एका चित्रकारासाठी जातात, तो काही काळ तिथे राहिला होता. आम्ही रीटसाठी जात होतो.

रीट कोण, ते सांगते. ब्राम ज्यू आहेत. युद्धात ते चार वर्षांचे असताना आईवडिलांनी त्यांना लपवायला दिलं. सोळा वर्षांची एक मुलगी रॉटरडॅमला आली, त्यांचा हात धरून ट्रेनमध्ये बसली आणि कोणी विचारलं तर हा माझा भाऊ, असं सांगत त्यांना आपल्या शेतावर घेऊन गेली. ती रीट. तिथे त्यांचं नाव यान झालं. आईवडील छावणीतून परत आले नाहीत. युद्ध संपल्यावर एक काका आला आणि त्यांना घेऊन परदेशी गेला. काका त्या दिवसांबद्दल बोलत नसे. गावाचं नाव त्याने सांगितलं नाही, आणि मग तोही गेला. ब्राम मोठेपणी परत आले ते तीन गोष्टी घेऊन: एक हातपंप, रीट हे नाव, आणि कैझर नावाचा कुत्रा. या देशात रीट नावाच्या बायका किती असतील याचा हिशेब करू नये.

आता ते शाळांमधून मुलांना ही गोष्ट सांगतात. गेल्या वसंतात टिलबर्गच्या एका शाळेत त्यांनी कैझरचं नाव घेतलं. मागे वाचनालयात पुस्तकं लावायला येणाऱ्या एक बाई उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "कैझरचा एक कान तुटका होता का?"

तुटका होता. त्या आनेके, रीटची मुलगी.

रीट आहे. अठ्ठ्याण्णव वर्षांची आहे. हे कळल्यावर आपल्याकडे लोक त्याच संध्याकाळी गाडीत बसले असते. इथे आनेकेने डायरी पाहिली आणि तीन आठवड्यांनंतरचा शनिवार दिला. दोन ते साडेतीन. त्यानंतर आई झोपते. ब्रामनीही डायरी पाहिली आणि चालेल म्हणाले. मी जिन्यात उभी राहून हे ऐकत होते. मला हसू आलं आणि रागही.

मुर्डाइकचा पूल आला. खाली पाणी रुंद, वर ढग सुटे सुटे.

"नद्या संपल्या की हॉलंड संपतं," ब्राम म्हणाले. "पुढे दक्षिणेत माणसं बिस्किटाचा डबा उघडा ठेवतात."

"आणि आपल्या रॉटरडॅममध्ये?"

"एक बिस्कीट, मग झाकण. तुला माहीत आहे. पहिल्या वर्षी तू माझ्यावर त्यासाठी रागावली होतीस."

टिलबर्गला जेवायला थांबलो. स्टेशनच्या बाजूला एक बेकरी आहे. पावात भाजलेला मसाल्याचा खिमा, ही या भागाची खासियत. किंमत फार नाही आणि दोन खाल्ले की पोट भरतं. मी चीजचा पाव घेतला, ब्रामनी खिम्याचा.

"तुम्हाला चालतं?" मी विचारलं. त्यात डुकराचं मांस असतं.

"डॉक्टरांनी नको सांगितलं आहे. देवाचं नंतर बघू."

अर्धा पाव संपल्यावर ते थांबले. रुमालाने बोटं पुसली.

"इथल्या शाळेत एका मुलीने मला विचारलं, तुमची आई तुम्हाला देताना रडली का? दरवर्षी कोणीतरी विचारतं. मी सांगतो, मला माहीत नाही. मुलांना वाटतं मी टाळतोय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मला खरंच माहीत नाही, मेधा. फोटो नाही. चेहरा नाही. तिला शेवटचं पाहिलेलं एकच माणूस जिवंत आहे. मला रीटला एवढंच विचारायचं आहे."

पुढचा पाऊण तास मी रेडिओ लावला नाही.

न्यूनेनला आम्ही सव्वालाच पोचलो. लवकर जाऊन बेल वाजवणं इथे उशिरा जाण्याइतकंच वाईट. आनेकेने जुन्या शेताचा पत्ता कळवला होता, तिकडे वळलो. वस्तीतल्या रस्त्यावर गाडी फुकट लावता येते. शेत नव्हतं. एकसारख्या विटांच्या घरांच्या दोन रांगा, मागे बागा, प्रत्येक बागेत ट्रँपोलिन. कुंपणावरून मुलांची डोकी वर यायची, जायची. ब्राम रोलेटरच्या फळीवर बसून बघत राहिले. पंप कुठे असेल याचा अंदाज त्यांनी दोनदा केला, दोन वेगळ्या दिशांना.

"वाईट वाटतं?" मी विचारलं.

"छे. इथे मला मोठ्याने बोलायला बंदी होती. ऐक काय गोंगाट आहे."

दोनला बेल वाजवली. आनेकेने दार उघडलं. ती सत्तरीला आलेली, उंच, बूट मात्र धावण्याचे. तिच्या मागे, घरातल्या बोळाच्या टोकाला, खुर्चीत एक लहानशी म्हातारी. पांढरे केस, निळा कार्डिगन, हातात काठी सरळ धरलेली, भाल्यासारखी.

"उशीर केलास," ती म्हणाली.

ब्रामनी घड्याळ पाहिलं. "बरोबर दोन वाजलेत."

"मी ऐंशी वर्षांचं म्हणतेय. पाय पूस, यान."

आणि शहाऐंशी वर्षांच्या माणसाने पाय पुसले. आधी उजवा, मग डावा, मग पुन्हा उजवा. ते आत गेले. ती उठू शकत नव्हती, ते वाकू शकत नव्हते. तिने त्यांचा टाय धरून त्यांना खाली ओढलं. तीन मुके, या गालावर, त्या गालावर, पुन्हा या गालावर. मग दोघं हसायला लागली आणि बराच वेळ थांबेनात. आनेके माझ्याकडे वळून म्हणाली, "कॉफी?"

टेबलावर केक होता, आणि बिस्किटांचा डबा, उघडा. मी बेसनाचे लाडू नेले होते. रीटने एक खाल्ला, मग दुसरा, मग तिसऱ्याकडे हात नेला.

"आई, साखर," आनेके म्हणाली.

"अठ्ठ्याण्णव झाली. साखर आता माझं काय करणार?"

मग गोष्टी. शेजाऱ्यांना संशय येऊ नये म्हणून यानला क्रूस करायला शिकवलं होतं: कपाळ, छाती, खांदे. तो जेवणाआधी क्रूस करी. मग गाईसमोर करू लागला. मग कैझरसमोर. पाद्री म्हणाले, हा मुलगा धर्मगुरू होणार.

"आणि काय झालास?" रीटने विचारलं.

"दातांचा डॉक्टर."

"तेही बरं. लोकांना देव आठवतोच."

मी इतक्या वेळात घड्याळ पाहिलं नव्हतं. तीन वाजून गेले असावेत. ब्रामनी कप खाली ठेवला.

"रीट. माझी आई. तू मला न्यायला आलीस तेव्हा. ती रडत होती का?"

रीटने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. तिने घाई केली नाही.

"घरातला बोळ होता. दिवा नव्हता. मला गाडी चुकायची धास्ती. मी सोळा वर्षांची, यान. मी दाराकडे बघत होते, तिच्याकडे नाही." मग म्हणाली, "खोटं सांगू शकते. सांगणार नाही."

"नको," ब्राम म्हणाले. "ठीक आहे."

त्यांनी केकचा आणखी एक तुकडा घेतला आणि तो नीट चार भागांत कापला. खाल्ला नाही. आनेकेने पाणी आणलं, नको असताना.

साडेतीन झाले. इथे निघायची वेळ म्हणजे निघायची वेळ. आम्ही उठलो. ब्रामनी रोलेटर वळवला. आणि मी काही विचार न करता, आपण करतो तेच केलं. रीटच्या खुर्चीपुढे गेले, वाकले, तिच्या पायांना हात लावला.

"काय पडलं?" आनेके म्हणाली आणि लगेच गुडघ्यांवर आली. "कानातलं का?"

"कोणी हलू नका," रीट म्हणाली. "पायाखाली येईल."

ब्राम रोलेटरवर ओणवून गालिचा तपासू लागले. आनेकेने सोफ्याखाली हात घातला, तिथून एक पेन निघालं. "हे का?"

मी उभी राहिले. कान तापले होते. सांगितलं, काही पडलं नाही. आमच्याकडे निघताना मोठ्यांच्या पाया पडतात. ते डोक्यावर हात ठेवतात. एवढंच.

"मग मी हात ठेवलाच नाही," रीट म्हणाली. "पुन्हा वाक."

मी वाकले. तिने हात ठेवला. हलका, कोरडा हात. तो तिने उचलला नाही. मी तशीच राहिले. आनेके अजून जमिनीवर होती, हातात पेन.

"अशी वाकली होती," रीट म्हणाली.

"कोण?" आनेकेने विचारलं.

"याची आई. याचा बूट." माझ्या डोक्यावरचा हात दाबला गेला. "सामान न्यायचं नव्हतं. मुलगी, पोर आणि सूटकेस, म्हणजे कोणीही ओळखेल. म्हणून तिने याला सगळे कपडे एकावर एक घातले होते. तीन स्वेटर, दोन कोट. याचे हात खाली येईनात. असे." तिने दुसरा हात बाजूला ताठ धरला. काठी पडली. "ती बूट घालायला वाकली, पाय उचलला, तर हा मागे पडला. पिंपासारखा. उभा केला, पुन्हा पडला. रडलास नाहीस, नुसता पडून राहिलास, छताकडे बघत. आणि ती हसायला लागली."

आनेकेने हातातलं पेन खाली ठेवलं.

"भिंतीपलीकडे माणसं होती. तिने तोंडावर हात धरला. मग मलाही हसू आलं. आम्ही दोघी जमिनीवर बसून, तोंडं दाबून. मी तेव्हा तिच्याकडे पाहिलं. पुढच्या दोन दातांत फट होती."

ब्रामनी आपल्या पुढच्या दातांवरून जीभ फिरवली. मग विचारलं, "रडली नाही?"

"दार ओढून घेतल्यावर रडली असेल. ते मी पाहिलं नाही. मी पाहिली तेव्हा ती हसत होती."

ब्राम रोलेटरच्या फळीवर बसले. खांदे हलत होते. मला वाटलं आता कसं सावरायचं, आणि मग आवाज आला. ते हसत होते. रीटही. आनेकेने मला जमिनीवरूनच वर पाहून विचारलं, "तू सरळ झालीस तरी चालेल ना?"

त्या दिवशी रीट झोपली नाही. आम्ही सहाला निघालो. आनेकेने सूप गरम केलं, आणि मला पाया पडायचं शिकवायला लावलं.

परतताना सूर्य डोळ्यांवर होता. ए-अठ्ठावन्नवर टिलबर्गपाशी गाड्या तुंबल्या होत्या, अर्धा तास गेला. कोणाला हा रस्ता करायचा असेल तर शनिवारची संध्याकाळ टाळा. ब्राम झोपले होते, तोंड किंचित उघडं. मी या देशाला थंड म्हणते, डायरीतला देश म्हणते. अजूनही म्हणेन. पण रीटला खोटं सांगता आलं असतं, सोपं होतं, सगळ्यांना हवं होतं. तिने सांगितलं नाही. म्हणून पुढचं मिळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडदे सरकवले. खाली फुटपाथवर ब्राम समोरच्या घरातल्या बाईंशी बोलत होते. ते गोष्ट सांगत होते. दोन्ही हात अंगापासून लांब, ताठ धरले होते. बाई हसत होत्या.