माझ्या वाट्याच्या फेऱ्या

दवाखान्यातली खाट पाहुणीला द्यायची नसते, हे मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी कळलं.

न्यूमोनिया झाला म्हणून मला वर्ध्याला भरती केलं होतं. तापात मी नुसती तरंगत होते. सलाईनचा थेंब पडला की वाटे, पवनारच्या आपल्या वांग्यांना पाणी सुटलंय अन् मी वाफ्यावाफ्यातून अलगद वाहत चाललेय! (वाहत बरं का. चालायचं नाव नको.)

डॉक्टरांचं मात्र सारं चालण्यावरच! "आजी, पडून राहिलं की पायात रक्ताची गाठ होते. ती फुफ्फुसात गेली तर जिवावर बेततं." म्हणून रोज पोटात एक सुई, अन् दिवसाला चार फेऱ्या.

दुपारी अल्लीपूरहून माझी धाकटी जाऊ कुसुम आली, सारा रस्ता बसमध्ये उभी राहून. आता पाहुणी जमिनीवर अन् मी खाटेवर? आमच्या घरात असं होत नाही!

"कुसुम, तू पड वर. मले चटई बरी."

"काऊन बाई? बिमार कोन हाय?"

"पड म्हणलं ना!"

ती तोंडावर चादर घेऊन पडली. मी खाटेखालच्या चटईवर टेकले अन् क्षणात परत वांग्यात! जांभळी फुलं, धाम नदीवरचा गार वारा...

तेवढ्यात नवीन व्यायामवाली मॅडम आली. "चला आजी, फेऱ्या!" अन् कुसुम निघाली की! डॉक्टरीणबाईला नाही कसं म्हणावं? चारही फेऱ्या गपगुमान मारल्या. मी अर्ध्या डोळ्यानं बघत होते. वाटलं, स्वप्नात मीच चालतेय. काय बाई ठसक्यात चालते मी!

मागून नव्या पाळीची सिस्टर सुई घेऊन आली. "पोट दाखवा, आजी."

"अवो, मी भेटाले आली वो!" कुसुम किंचाळली.

सिस्टरनं मनगट पाहिलं. नावाची पट्टी नाही. "मग पेशंट कुठंय?"

कुसुमनं खाटेखाली बोट दाखवलं.

सुई मलाच बसली. वरून डॉक्टर आले. "आजी, जाऊबाई चालल्यानं तुमच्या पायातलं रक्त फिरत नाही. गाठ झाली तर तुमच्याच छातीत जाईल!"

अन् नेमक्या तेव्हाच उजव्या पायाला मुंग्या आल्या. "झाली! गाठ झाली! कुसुम, पोराले फोन लाव!"

डॉक्टरांनी पाय नीट तपासला. "गाठ नाही. चटईवर पाय आखडलाय."

त्यानंतर चार सांगितल्या तर मी आठ मारल्या! दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी शेजारच्या खाटेवरची नवी पेशंट उठायला तयार नव्हती, तर तिला मीच ऐकवलं, "अवो, रक्ताले फिरवा लागते. सोताच्या पायानं! अनुभवाचं सांगून राह्यली."

कुसुम पिशवी भरत होती. मान वर न करता म्हणाली, "अनुभव बाईचा हाय. पाय माहे होते."