कोंडवाड्यातली हडळ

छापखान्यात आले की मुनशी आधी खुर्ची उचलायचे, भिंतीपर्यंत न्यायचे, पाठ नीट टेकते की नाही ते हातानं चाचपून पाहायचे आणि मगच बसायचे. "मांगं भिंत पाह्यजे बाप्पा," म्हणायचे. "समोरचं आपल्याले दिसते. मांगचं कोण पाह्यते?"

साऱ्या चिखली तालुक्याची झोप उडवणारा माणूस हा असा होता. दिव्याखाली अंधार म्हणतात. इथं अंधार विकणाऱ्यालाच दिवा लागायचा. तुमच्याही पाहण्यात असा एखादा आला असेल, पण आमच्या मुनशींची सर त्याला येणार नाही. हे मी त्यांच्या पुस्तकांचे शिशाचे खिळे एकेक करून स्वतः जुळवले म्हणून सांगतो.

वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपुराहून चालायचा. मी चिखलीच्या एका छापखान्यात कंपॉझिटर होतो. लग्नपत्रिका, औषधांची लेबलं आणि लिलावाच्या जाहिराती एवढाच आमचा पसारा. मुनशी अमडापूरच्या कोंडवाड्यावर नोकरीला होते. कोणाचं ढोर कोणाच्या पिकात शिरलं की ते आणून तिथं कोंडायचं, आणि मालकानं दंड भरून सोडवायचं. ढोर कधी येईल याचा नेम नसल्यामुळे मुनशींना जागा सोडता येत नसे. "ढोरं सुटतात," ते म्हणायचे, "मी नाई सुटत." आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, चौकीदार त्यांच्या जागी बसे आणि ते चिखलीला येत.

कोंडवाड्याच्या फाटकाशी बसून ते भुतांच्या कादंबऱ्या लिहीत. पहिली पुण्याला पाठवून पाहिली होती. भाषा सुधारा आणि भुतं काढा, असा तिकडून निरोप आला. "भुतं काढल्यावर राह्यलं काय?" मुनशी मला म्हणाले. "मी अन बैल." मग त्यांनी पुण्याचा नाद सोडला आणि स्वतःच्या हिमतीवर आमच्याकडे छापू लागले. मुखपृष्ठावर खाली 'प्रकाशक : लेखक स्वतः' अशी ओळ असायची आणि ती जरा ठळक टाक, असा आग्रहही असायचा.

त्यांचं पुस्तक हाती घेतलं की आमच्या खिळ्यांच्या खणातले 'भ' संपत. एकदा एका लग्नपत्रिकेतले 'भाऊबंद' दोन दिवस खोळंबले होते, कारण सगळे 'भ' मुनशींच्या भुतांनी अडवून ठेवले होते. मालक चिडले. मुनशी शांतपणे म्हणाले, "भाऊबंद काय, बिनबुलावता बी येतात."

बाजारात बांगड्यावाला आणि दोरखंडवाला यांच्या मधे घोंगडी टाकून ते पुस्तकं मांडत. ओरडत नसत. पहिलं पान मोठ्यानं वाचायचे, आणि अंगावर काटा यायच्या नेमक्या ठिकाणी पुस्तक मिटून पाणी प्यायचे. लोक पुस्तक घेतल्याशिवाय हलत नसत.

त्यांचा एकच नियम मला खटकायचा. गावाचं, रस्त्याचं, विहिरीचं नाव ते खरंच घालत. मी म्हणायचो, "मुनशीजी, नाव बदला." ते मान हलवत. "गाव खरं असलं का भूत आपोआप खरं होते."

'बारवेची सवाशीण' या पुस्तकात त्यांनी अमडापूरच्या शिवेवरची बारव घेतली. तिच्या पायऱ्या, तिच्यावर वाकलेला उंबर, सगळं जसंच्या तसं. त्या बारवेवर हिरव्या लुगड्यातली एक बाई वांग्यांचं टोपलं घेऊन बसते, वाटसराला पाणी पाजते, आणि पाणी पिऊन झाल्यावर त्याची नजर तिच्या पायांकडे जाते. पाय उलटे.

"ही बाई कोण?" मी विचारलं.

"कोणी नाई. तथी बारवेजवळ एक बाई वांगे लावते. तिचं टोपलं घेतलं, लुगडं घेतलं, चाल घेतली. पाय तेवढे माह्ये."

पुस्तक तडाखेबंद खपलं. आता आमच्याकडे पुस्तक वाचलं कसं जायचं ते सांगितलं पाहिजे. गावात वाचणारा एखादाच. तो पारावर बसून वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. आणि छापलेली वस्तू म्हणजे त्यांच्या लेखी तीनच : पंचांग, पोथी आणि सरकारी जाहीरनामा. यातलं काहीच खोटं नसतं. कादंबरी नावाची चौथी वस्तू असते, आणि ती मुद्दाम खोटी लिहितात, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. "छापेल हाय बे," लोक एकमेकांना सांगू लागले. "छापेल कधी खोटं असते काय?"

बारव ठाऊक होती. टोपलं ठाऊक होतं. बाई ओळखायला कितीसा वेळ लागणार?

तिचं नाव गिरजाबाई. नवऱ्यानं टाकलेली. म्हाताऱ्या बापाला घेऊन बारवेजवळच्या तुकड्यात भाजीपाला करायची आणि चिखलीच्या बाजारात विकायची. त्या मळ्याशिवाय दोघांना दुसरा आधार नव्हता. पुस्तक निघाल्यानंतरच्या बाजारात मी तिला पाहिलं. बाया तिच्या टोपल्यापाशी येत, वांगी चाचपल्यासारखं करत, खाली वाकून तिच्या पायांकडे बघत आणि पुढं जात. बैलगाडीवाले तिला गाडीत घेईनात. पुढच्या बाजारी तिनं एक केलं. दोन्ही पाय सरळ समोर पसरून बसली.

"पाहा," ती म्हणत होती, "सरळ हायेत का नाई?"

बघणारे ओशाळून जात. वांगी मात्र कोणी घेत नव्हतं. भर बाजारात एका बाईला आपले पाय दाखवत बसावं लागत होतं.

त्याच दुपारी ती छापखान्याच्या दारात येऊन उभी राहिली. मुनशी भिंतीला पाठ लावून कच्चा छाप तपासत होते.

"मुनशीजी, म्या तुमचं काय केलं होतं?" ती म्हणाली. "येता-जाता तुमी माह्या हातचं पाणी पेत होते."

मुनशींच्या हातातून कागद खाली पडला. त्यांनी तो उचलला नाही. तसेच उठले, बाजारात गेले आणि जन्मात पहिल्यांदा ओरडले, "आयका हो! म्या लेहलं ते खोटं हाय! मनानं रचलं हाय! ही बाई तुमच्या-माह्यासारखी माणूस हाय!"

लोक गोळा झाले, कळवळून त्यांच्याकडे पाहू लागले. एक म्हातारा हळूच म्हणाला, "पाह्यलं का? धरलं तिनं मुनशीले. तिच्याच धाकानं बोलून राह्यला बिचारा."

मग त्यांनी माझ्याकडून पत्रक छापून घेतलं : बारवेवर हडळ नाही. ते पारावर वाचलं गेलं आणि आगीत तेल पडलं. वाघ आल्याशिवाय 'वाघ नाही' अशी दवंडी कोणी पिटतं का? ज्यांनी पुस्तक ऐकलं नव्हतं त्यांनाही आता हडळ कळली.

गिरजाबाई पुन्हा आली. या वेळी तिच्या आवाजात राग नव्हता. "तुमी आणली तिले, तुमीच न्या," ती म्हणाली. "कुठंबी न्या. माह्या बारवेवरून न्या."

तेव्हापासून मुनशींना एकच घोर लागला : नवं पुस्तक लिहून हडळ न्यायची कुठं? मी म्हटलं, "मुक्ती देऊन टाका. संपलं."

"मुक्ती कोणी पाह्यली? लोक इचारतील, गेली कुठं? तिचा पत्ता नसला का त्याईले पह्यली बारवच आठवते."

"मग लोणारच्या तळ्यात सोडा. तिथं कोण राहतं?"

"काठानं देवळं हायेत. पुजारी हायेत. बाया काड्या वेचाले उतरतात."

दर बाजारी ते एखादी जागा घेऊन येत आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच खोडून टाकत. देऊळगाव राजाच्या वाटेवरचा पडका मठ? तिथं एक आंधळा राहतो. मेहकरच्या बाजूचं रान? तिथं धनगर मेंढरं बसवतात. एके दिवशी ते डोकं धरून बसले. "कुठं सोडू बाप्पा? जथी सोडीन तथी कोणीतरी राह्यतेच."

नंतर ते आले ते एक पातळसं हस्तलिखित घेऊन. मी जुळवायला घेतलं. दुसऱ्याच पानावर माझा हात थांबला. कोंडवाड्याचा मुनशी बारवेवर जातो, सवाशिणीला शपथ घालतो, दावं लावून आपल्या कोंडवाड्यात आणतो आणि फाटक लावून घेतो. आता ती तिथंच राहणार आणि मुनशी तिची राखण करणार.

"मुनशीजी, जागा बदला," मी म्हटलं. "हा कोंडवाडा तर तुमचाच आहे."

"मंग दुसऱ्या कोणाचा देऊ?"

"अहो, पण तुम्हाला एकट्याला भीती वाटते."

"हाव," ते म्हणाले, "लय वाटते." आणि छपाईची वेळ चुकेल म्हणून मला घाई करू लागले.

मी जुळवलं. हात चालत होते, पण मनातून मला ते पान मोडून टाकावंसं वाटत होतं. माणूस स्वतःभोवती भिंत बांधत होता आणि विटा मी हाती देत होतो.

पुस्तक पारावर वाचलं गेलं, आणि छापलेलं असल्यामुळे खरं झालं. गिरजाबाईची वांगी दुपारच्या आत संपू लागली. बाया तिच्याशी पूर्वीसारख्या भावावरून भांडू लागल्या. त्या भांडणाचा आवाज ऐकून मुनशी खुश झाले असते, पण ते बाजारात नव्हते. चौकीदारानं नोकरी सोडली होती आणि बदली बसायला दुसरं कोणी तयार होईना.

अमडापुरात मात्र कधी नव्हे इतका सलोखा नांदू लागला. शेजाऱ्याचा बैल तुरीत शिरला तरी लोक शिव्या देऊन आपसांत मिटवत. कोंडवाड्यापर्यंत जायची कोणाची छाती नव्हती. कोंडवाडा ओस पडला. आधी निदान ढोरांची सोबत होती, तीही गेली. त्यांच्या हातून पुस्तक घ्यायला माणूस उरला नाही.

मी अधूनमधून जायचो. फाटकातून आत गेलो की ते मला सोडायलाच तयार नसत. कापसाचा भाव, मालकाचा खोकला, काहीही विचारत राहत. एकदा मी विचारलं, "नवीन काय लिहिता?"

"नाई लेहत. लेहलं का कोणाच्या तरी आंगावर पडते."

गिरजाबाई एकदा भाकरी घेऊन आली तर त्यांनी आतून फाटक लावून घेतलं. "इथं येऊ नको बाई. लोकाईनं पाह्यलं तं पुन्हा तुह्यावर येईल." तेव्हापासून ती बाजारात माझ्या पिशवीत वांगी टाकायची. कोणासाठी, ते कधी बोलायची नाही. मी ती कोंडवाड्यावर नेऊन दिली की मुनशी एकेक वांगं हातात घेऊन पाहत.

एका उन्हाळ्यात त्यांना ताप आला तो उतरलाच नाही. मी जवळ होतो. मी म्हटलं, "आता तरी लिहून द्या काहीतरी. मी छापतो. सुटून जा यातून."

त्यांनी मान हलवली. "काई छापू नको. मी गेल्यावर लोक तुले इचारतील, आता तिले कोण सांभाळते? सांगजो, ती तथीच हाय. अन मुनशीबी तथीच हाय."

ते गेले. लोक खरोखरच छापखान्यात विचारायला आले, आणि मी त्यांनी सांगितलं तसंच सांगितलं. ऐकून लोकांचा जीव भांड्यात पडला. सरकारी लोकल बोर्डानं कोंडवाडा गावाच्या दुसऱ्या अंगाला नेला, पण जुनी भिंत आणि फाटक तसंच राहिलं.

परवा अमडापूरला गेलो होतो. भर दुपारी त्या वाटेनं माणसं येत-जात होती. फाटकासमोर आलं की प्रत्येक जण हाक मारतो, "मुनशी, हायेस ना?" आणि उत्तराची वाट न पाहता झपाझप पुढं निघून जातो.

गिरजाबाई आता म्हातारी झाली आहे. तिनंही हाक मारली. मग टोपलं खाली ठेवलं, पदरानं तोंड पुसलं आणि उत्तर ऐकायला थांबली.