दारातली हाक

जमनामावशी कधी कुणाच्या दाराची कडी वाजवायची नाही. अंगणात आली की डोक्यावरची पाटी उतरवण्याआधी ती सगळं नीट पाहून घ्यायची. वळणीवर बाळाचे लंगोट आहेत का, उंबऱ्याशी पुरुषाच्या चपला आहेत की तो कामावर गेलाय, चुलीचा धूर निघतोय का. मग एक हात कमरेवर ठेवून, मान किंचित वर करून ती हाक मारायची. ती हाक त्या घराचीच असायची. शेजारच्या दारी गेली की दुसरी. "बोंबील घ्या, जवळा घ्या" असं बाजारातल्यासारखं ओरडताना मी तिला एकदाही ऐकलं नाही.

ती समुद्रकाठच्या वरोरची. सुकी मासळी घेऊन रिक्षाने डहाणूला यायची, तिथून एसटीने तलासरीला, आणि मग आजूबाजूच्या पाड्यांवर पायी. भात झोडून झालं की पाड्यांवरच्या बायका मासळीच्या बदल्यात सुपातून तांदूळ द्यायच्या. कंडक्टर तिला चिडवायचा, "मावशी, पाटीचं पण तिकीट काढ." ती म्हणायची, "काढते की. पन मंग तिला खिडकीची शीट दे, तिला वारा लागतो."

मी २०१४ साली तलासरी नाक्याजवळ फोटो स्टुडिओ टाकला, तेव्हा तिची माझी ओळख झाली. मी काढलेला एका लग्नातला फोटो कुणीतरी दुसऱ्या दुकानातून परस्पर फ्लेक्सवर छापून आणला होता आणि मी भर रस्त्यात त्याच्याशी भांडत होतो. जमनामावशी पाटी डोक्यावर घेऊन शेवटपर्यंत ऐकत उभी राहिली. पुढे मी एक शिक्का करून घेतला, 'विनापरवानगी नक्कल करू नये', आणि प्रत्येक फोटोच्या मागे तो मारू लागलो. एकदा तिने विचारलं, "ह्यात काय लिवलंय?" मी वाचून दाखवलं.

"म्हंजे चेहरा त्येंचा नि शिक्का तुझा?"

"फोटो मी काढला ना, मावशी."

"मंग बरोबर हाय. ज्याची मेहनत त्याची." तिने अगदी मनापासून मान डोलावली. त्या वेळी मला फार बरं वाटलं होतं.

त्यानंतर आमच्या दारची हाक ठरली. घरात आम्ही दोघंच, आई आणि मी. आईचे गुडघे धरलेले, ती दिवसभर आतल्या खाटेवर. मावशी अंगणातून म्हणायची,

"शिक्केवाल्याच्या आये, दार उघड गं दार,
फोटोवर काय पोट भरतंय, करंदी घे शेर-चार!"

आई आतून ओरडायची, "शेर-चार कुणाला गं, बये? आम्ही दोघं काय पंगत घालतोय?" मग दोघींचं हसणं सुरू. मावशी आल्याचं आईला मी कधी सांगितलं नाही, सांगावंच लागलं नाही. एकदा मी मावशीला म्हटलं की आता घराला बेल बसवली आहे, एवढा घसा कशाला ताणतेस? ती म्हणाली, "कडी वाजली, बेल वाजली, का घरातलं मानूस दचकतं. कोन आलं म्हनून. हाकेनं दचकत नाय. त्याला कळतं, आपलंच कोनतरी आलंय."

तिच्या हाकांमध्ये टोमणा असायचा, पण तो बोचायचा नाही. ज्या गोष्टी घरातली माणसं एकमेकांना बोलू शकत नसत, त्या ती बाहेरून गाऊन मोकळी व्हायची आणि घर हसायचं. "मासळी खारवली का टिकते, मानूस खारवलं का तुटतं," असं ती म्हणे. घराघरातला तो खार ती जाता-येता धुवून काढत होती, हे मला फार उशिरा कळलं.

२०१८ची भातकापणी नुकतीच उरकली होती. एका पाड्यावर बारशाचे फोटो काढायला गेलो, तिथे मावशी भेटली. परत येताना मी तिच्याबरोबर चालत होतो. वाटेत सुमनचं घर लागलं. सुमन त्या घरची नवी सून. सासूशी वाजलं की माहेरी निघून जायची. तेव्हा नुकतीच परत आली होती आणि सासू-सून एकमेकींशी बोलत नव्हत्या. मावशीला हे शेजारच्या दारी कळलं होतं. तिने अंगण पाहिलं, कमरेवर हात ठेवला. मी सहज मोबाईल काढून व्हिडिओ सुरू केला.

"सुमने गं सुमने, घरात हाय का पळाली?
जवळा आनलाय वाटीभर, सासू तुझी निवळली!"

 आतून सासूचं फिसकन हसणं ऐकू आलं. "हाय, हाय! पळंल कुठं? पानी भरून पाय मोडलं तिचं!" पाठोपाठ सुमन बाहेर आली, पदर तोंडावर धरून हसत, हातात तांदळाचं सूप. तिच्या मागून सासू. मला वाटतं, त्या दोघी त्या दिवसांत पहिल्यांदाच एकत्र दारात आल्या असतील.

रस्त्याला लागल्यावर मावशी म्हणाली, "घेतलंस काय मोबाईलमदी?"

"आईला ऐकवतो."

"ऐकव. पन दारातली हाक दारातच ठेव हां, पोरा. भायेर गेली का तिची चुगली होते."

मी "हो, हो" म्हटलं. तिची अट एवढीच होती. समजायला अवघड असं तिच्यात काही नव्हतं.

आईने ती हाक ऐकली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तिथे थांबायला हवं होतं. पण त्या दिवसांत दुकानात पासपोर्ट फोटो काढायला येणारी पोरं एका नव्या ॲपवर दुसऱ्यांच्या आवाजावर ओठ हलवून व्हिडिओ करायची. इतक्या टुकार आवाजांना लोक वाहवा देतात, मग मावशीची हाक तर सोनं आहे, असं मला वाटलं. आपल्या तलासरीचं काहीतरी जगाने बघावं, असंही मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे, ते मी शोधून काढलं असं लोकांनी म्हणावं, अशी इच्छा होती.

खातं उघडताना अटींचा लांबलचक मजकूर आला. मी बोटाने तो सरकवत तळाशी गेलो आणि 'मान्य' दाबलं. मग ॲपने विचारलं, हे सगळं तुमचं स्वतःचं आहे ना? मी 'हो' दाबलं. इतरांना हा आवाज वापरू द्यायचा, ही खूण आधीपासूनच केलेली होती. ती मी तशीच राहू दिली. आणि व्हिडिओवर आडवं, ठळक अक्षरांत माझ्या स्टुडिओचं नाव टाकलं. आवाज मावशीचा, दार सुमनचं, शिक्का माझा.

आवाज पसरला. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना मी मोबाईलमध्ये बघायचो. कुठली कुठली पोरं डोक्यावर पदर घेऊन "सुमने गं सुमने" करत होती. कुणी सुमन झालं होतं, कुणी सासू, कुणी दारामागून पळत होतं. मी खूश होतो.

सुमनचा नवरा वापीला कंपनीत होता. तिथे त्याच्या पाळीतल्या तलासरीकडच्या पोरांनी ते दार ओळखलं आणि त्याला बघून ती ओळ म्हणू लागली. काही दिवस त्याने सोसलं, मग एकाशी मारामारी केली आणि घरी येऊन राग बायकोवर आणि आईवर काढला. घरातलं जगाला सांगता काय, म्हणून. सुमन पुन्हा माहेरी गेली. या वेळी सासू तिच्यावर चिडली नाही. ती म्हणाली, "त्या मासळीवाल्या बायनं आमचं घर येशीवर टांगलं."

मावशीला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती दुसऱ्या पाड्यावर गेली, तेव्हा तिने तोंड उघडण्याआधीच पोरांनी तिची हाक तिलाच म्हणून दाखवली. तिथून ती सरळ माझ्या दुकानात आली. पाटी खाली ठेवली.

"लावून दाखव."

मी लावलं. आधी माझा व्हिडिओ, मग बाकीच्यांचे. ती शांतपणे बघत राहिली.

"ह्यो कोन?"

"माहीत नाही, मावशी."

"नि ह्यो?"

"माहीत नाही."

"ह्यांना हाक कोनी दिली?"

मी मोबाईलवरचा व्हिडिओ थांबवला. मग म्हटलं, "मी."

तिच्यासमोरच मी माझा व्हिडिओ काढून टाकला. "गेला?" तिने विचारलं. मी म्हटलं, "माझा गेला." "नि ह्यांचे?" ते मला काढता येत नव्हते. मीच परवानगी दिली होती. कंपनीला कळवलं, तर उत्तर आलं की तुम्ही दिलेल्या परवानगीनुसारच लोकांनी आवाज वापरला आहे, आणि आवाज दुसऱ्या कुणाचा असेल तर त्या मालकाने स्वतः तक्रार करावी.

मी वरोरला गेलो. मावशी बांबूंवर बोंबील सुकायला लावत होती. म्हटलं, "मावशी, हाक तुझी आहे, एवढं तू कळव. बाकी सगळं मी करतो. तू फक्त हो म्हण."

"खोटं कसं बोलू?"

"खोटं कुठे? आवाज तुझाच आहे."

"आवाज माझा. हाक सुमनच्या दाराची. माझी असती तर तुला तवाच दिली असती, त्यात काय?" ती बोंबील लावत राहिली. मग म्हणाली, "सुमनला इचार. ती हो म्हनली, तर तिच्या वतीनं मी सांगते. तू जा तिच्याकडं."

मी हो म्हटलं आणि गेलो नाही. आज जातो, उद्या जातो करत राहिलो. मोटारसायकलवरून त्या फाट्यापर्यंत एकदा गेलो आणि परत फिरलो. अडाणीपणाने 'मान्य' दाबलं, ही माझी चूक लोक माफ करतात. मला ज्याची लाज वाटते ते हे आहे. नंतर सगळं कळलेलं असताना, एका मुलीच्या समोर उभं राहून तिला विचारायचं होतं, तेवढंही माझ्याने झालं नाही.

सुमनकडे शेवटी मावशीच गेली. तिने काय समजूत घातली कोण जाणे, होळीच्या सुमारास सुमन सासरी परतली. पण तक्रारीचं नाव काढताच ती म्हणाली म्हणे, "नको बाय, आता आनखी कुठं माझं नाव नको." आणि मावशी त्या दारी गेली की सासू आधीच सांगायची, "हाक नको गं. नुसतं दे." हळूहळू इतर दारांवरही तेच झालं.

२०१९च्या उन्हाळ्यात एका दुपारी आमची बेल वाजली. आई आतून म्हणाली, "कोण आहे?" मी दार उघडलं. जमनामावशी उभी होती. पाटी खाली होती आणि बोट अजून बेलपाशीच. तिने आईसाठी करंदी काढून दिली. मी हळूच म्हटलं, "मावशी, आईसाठी तरी एकदा..."

"येत नाय रं आता," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "आधी अंगन बघायची. आता डोळं आधी बघतात, कोनाच्या हातात मोबाईल हाय."

पावसाआधी ती वाढवणला लेकीकडे राहायला गेली आणि फिरती बंद केली. तो आवाज अजून कुठे कुठे वाजतो. काहींच्या व्हिडिओत तळाशी माझ्या स्टुडिओचं नाव अर्धवट दिसतं. फोटोंच्या मागे शिक्का मारणं मी सोडून दिलं आहे.

बेल वाजली की आई अजून खाटेवरून दचकून विचारते, "कोण आहे?" मावशी हाक मारून यायची, तेव्हा आईला हे विचारावं लागत नसे.